धरणाचा मासा

कराड
१४ मे २०२५, बुधवार, दुपार

प्रिय झोया,

सगळ्यात आधी माफी मागते. अठरा दिवस झाले, मी तुझा एकही फोन उचललेला नाही. फोन वाजला की तुझं नाव बघत उभी राहते, आणि बंद झाला की 'कामात आहे, सगळं ठीक' एवढं लिहून पाठवते. अम्मी माझ्यावर रागावलीय का, असं तू अब्बांना विचारलंस. नाही गं. तुझा आवाज ऐकला असता तर मला खरं सांगावं लागलं असतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आपल्या फ्लॅटच्या भिंती तुला माहीत आहेत, स्वयंपाकघरातलं बोलणं दादीला तिच्या पलंगावर ऐकू जातं. शिवाय बोलताना मी घाई करते, आणि घाईत माझ्याकडून गोष्टी जरा बऱ्या करून सांगितल्या जातात. कागदावर तसं झालं तर मला दिसतं, खोडता येतं. शेजारच्या पूजाताई आज संध्याकाळी सांगलीला भावाकडे निघाल्या आहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देईन. हॉस्टेलच्या खोलीत वाचू नकोस. खाली झाडाखाली, उजेडात, उघड्यावर बसून वाच. असं का म्हणते ते पुढे कळेल.

ईदला तू आलीस तेव्हा दादी शीरखुर्म्याची वाटी दुसऱ्यांदा मागून घेत होती, आठवतं ना? तू परत गेलीस आणि तिसऱ्या दिवसापासून तिनं जेवण सोडलं. रुसवा नाही, ताप नाही, पोटदुखी नाही. ताट समोर आलं की मान फिरवायची. विचारलं तर म्हणायची, घास आत जात न्हाई. दोन आठवड्यांत ती चौतीस किलोवर आली. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत फरक पडला नाही तर नाकातून नळी घालू. तुला मी 'थोडा अशक्तपणा आहे' एवढंच सांगितलं होतं. ते पहिलं बरं करून सांगितलेलं. पण तुला काहीतरी कळलं असणार, कारण त्याच संध्याकाळी तू मैत्रिणीच्या फोनवरचा तो फिश टाकोचा, मक्याच्या दुमडलेल्या रोटीत मासा घालायचा, व्हिडिओ पाठवलास. दादीला मासा आवडतो, ताट बघूनच ती कंटाळत असेल तर ताटच नको, हातात धरून खायचं काहीतरी देऊन बघ, असं तू लिहिलं होतंस. मला ते पटलं. मी व्हिडिओ तीनदा बघून डायरीत कृती उतरवून घेतली.

अठरा एप्रिलला, शुक्रवारी सकाळी, मी मंडईमागे मासेवाल्या चंद्राबाईंकडे गेले. मला सुरमई हवी होती. आपल्या घरात मासा म्हणजे समुद्राचा, कोकणातून घाट चढून बर्फात येणारा. मी लग्न होऊन आले तेव्हा पलूसच्या पुनर्वसन वसाहतीत दादीनं मला घरच्या चार रीती सांगितल्या होत्या, त्यात एक ही होती: धरणाचा मासा या घरात शिजत नाही. आपलं गाव, कासवणे, त्या धरणाखाली आहे. गावाबरोबर कबरस्तानही पाण्याखाली गेलं. ज्या पाण्याखाली आपली माणसं झोपली आहेत त्यातलं काही तोंडात घालायचं नाही, असं गाव सोडतानाच मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. वसाहतीतली कासवण्याची सगळी घरं हे पाळतात, हिंदू घरंसुद्धा. मी बावीस वर्षं पाळलं, आणि मनापासून पाळलं.

त्या दिवशी चंद्राबाईंच्या पाटीत सुरमई होती, पण तिचे डोळे बसलेले होते. त्याच म्हणाल्या, "ताई, चार दिवस बर्फात पडलेली घेण्यापरीस ही मरळ न्या. आज पहाटं धरणावरनं आलीया. काटा न्हाई, म्हातारीला चालंल." मी मरळ घेतली. कुठल्या धरणावरून, हे मी विचारलं नाही. साताऱ्यात काही एकच धरण नाही, असं मी रिक्षात स्वतःला सांगत होते. आता वाटतं, ज्याला उत्तर माहीत नसतं तो विचारतो. मी विचारलं नाही, म्हणजे मला माहीत होतं. पण दादी खाईल का, याखेरीज त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही लिहून ठेवते. कुठलं जास्त खरं ते तू ठरव.

मक्याचं पीठ साध्या पाण्यात मळलं की चिरा पडतात, म्हणून मी उकळतं पाणी ओतून मळलं. बशीपेक्षा लहान रोट्या थापल्या, तव्यावर भाजल्या आणि गरम असतानाच लाटण्यावर वाकवून ठेवल्या. कोबी बारीक चिरून मीठ-लिंबू चोळलं. दह्यात लसूण आणि हिरवी मिरची वाटून घातली. व्हिडिओतलं ते हिरवं फळ इथे कुठे मिळायचं, मी कैरी किसली. मरळीचे बोटाएवढे तुकडे हळद-तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवले आणि तेलात सोडले. पहिला घाणा निघाला तेव्हा पाठीमागे पावलांचा आवाज आला. दोन आठवडे बाथरूमपलीकडे न गेलेली दादी स्वयंपाकघरात उभी होती. तिनं ओट्यावरच्या लहान लहान रोट्यांकडे बघितलं आणि विचारलं, "चानक्या कुनी केल्या?"

तुला हा शब्द माहीत नसेल. भाकऱ्या करून झाल्या की शेवटी थोडं पीठ उरतं. त्याची लहान मुलाच्या तळहाताएवढी भाकरी करतात आणि घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाच्या हातात देतात, ती चानकी. दादी म्हणाली, माझी आई चानकीत वड्याच्या पाण्यातला मासा घालायची, अशीच दुमडायची आन हातात द्यायची. आणि मग ती ओट्याशी उभ्यानं खायला लागली. एक नाही, तीन. मी दारामागे जाऊन रडले. तिनं विचारलं, मासा कुठला गं? मी म्हणाले, सुरमई आहे अम्मा.

दुसऱ्या दिवशी पूजाताईंबरोबर तुला चार पाठवल्या. तुझा मेसेज अजून आहे माझ्याकडे: 'अम्मी, सुरमई इतकी मऊ कशी लागली?' मी हसणारा चेहरा पाठवला. आणि त्या दिवसाचं डायरीचं पान मी काल काढून बघितलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलंय: सुरमई, अर्धा किलो. डायरी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, झोया. मग मी ते कुणासाठी लिहिलं?

पुढच्या वेळी मी चंद्राबाईंना धरणाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. आपलंच. तरी मी मरळ घेतली, कारण दादी दुसरं काही खात नव्हती आणि हे मागून खात होती. दर दोन-तीन दिवसांनी मी मरळ आणत राहिले. वजन छत्तीस झालं, मग साडेसदतीस. डॉक्टर म्हणाले, जे काय देताय ते देत राहा. अब्बांना तर माशाचा वास लहानपणापासून सहन होत नाही, ते कधी स्वयंपाकघरात डोकावलेही नाहीत. त्यामुळे दादी, मी आणि तू, एवढ्या तिघींनीच तो मासा खाल्ला. हे लक्षात ठेव.

आता जे लिहिते आहे ते मी तारखांसकट लिहून ठेवलेलं आहे, नाहीतर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता. एकोणीस एप्रिलला, भर दुपारी, दादी हॉलमधून स्वयंपाकघरात येताना मध्येच थांबली. तिनं पाय चांगला वीतभर उचलला, पलीकडे टाकला, मग दुसरा. तिथे काही नाही. आपल्या स्वयंपाकघराला चौकटही नाही, हे तुला माहीतच आहे, फरशी इकडून तिकडे सलग आहे. मला वाटलं, अशक्तपणा. पण ती प्रत्येक वेळी तिथेच पाय उचलायची, बरोबर त्याच फरशीवर. बावीस तारखेपासून पाय उचलून झाला की ती मानही खाली घालायला लागली, वर काहीतरी डोक्याला लागेल म्हणून आपण वाकतो तशी. आणि पंचवीस तारखेपासून ती आत आली की डावीकडे वळायची. डावीकडे आपला फ्रीज आहे, आणि फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये हातभर सांद. त्या सांदीसमोर ती उभी राहायची. दुपारचं ऊन ओट्यापर्यंत आलेलं असायचं, खाली भंगारवाला ओरडत असायचा, आणि दादी त्या सांदीकडे बघत हळू आवाजात हाक मारायची, "शकिला."

तुझ्या दादीनं बावीस वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. दुल्हन म्हणते. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी हातातलं काम टाकून 'जी अम्मा' म्हणत पुढे झाले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "तुला न्हाई."

त्याच सुमाराला तिनं मला सांगितलं, माझ्या झाल्या की एक आनखी लहान कर. मी करत होते. पोरकट हौस म्हणून करत होते. ती खाताना मात्र मला कधी दिसली नाही. शेवटी तिची ट्रंक उघडून मी बघितली, तिला न विचारता, हेही कबूल करते. तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलेल्या होत्या, वाळून कडक झालेल्या. पाच केल्या होत्या, पाचच होत्या. चार अख्ख्या. पाचवीचा एक घास काढलेला होता. अगदी लहान, पुढच्या दातांचा, अर्धगोल. दादीला पुढचे दात नाहीत, आणि कवळी ती जेवतानाही लावत नाही. अब्बा म्हणाले, उंदीर असेल. असेलही. मी उंदराचा पिंजरा आणला. आजपर्यंत त्यात काही सापडलेलं नाही.

सव्वीस एप्रिलला सकाळी मी दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात शिरत होते. माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, उचलला गेला. आणि मी वाकले नाही म्हणून टाळूला काहीतरी टेकलं, गार, ओलं, जुन्या लाकडासारखं. पातेलं हातातून सुटलं. अब्बा धावत आले आणि मला बघून हसले, म्हणाले, काय गं, सासू-सुना दोघी मिळून घरातल्या घरात कुठल्या एसटीत चढता? मीही हसले. फरशी पुसली. आणि तासाभरानं तुझा मेसेज आला: 'अम्मी, माझी रूममेट मला चिडवते, म्हणते तू खोलीत येत नाहीस, चढतेस. मला कळतच नाही मी असं का करते.'

म्हणून मी त्या दिवसापासून तुझा फोन उचलला नाही.

मासा तिथेच बंद करायचा हे मला कळत होतं. मी एक दिवस बंद केला. दादीनं त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत चंद्राबाईंकडे गेले. तिच्यासाठीच आणला आणि मी स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही, तरी माझं पाय उचलणं थांबलं नाही. परवाच्या रविवारी तर मी भानावर आले तेव्हा त्या सांदीसमोर उभी होते, हाताला पीठ तसंच, आणि माझा उजवा हात गुडघ्याच्या उंचीवर खाली गेलेला होता, तळहात उघडा. कुणीतरी बोट धरावं म्हणून आपण लहान मुलासमोर धरतो तसा.

सोमवारी मी अब्बांना दवाखान्याचं कारण सांगून पलूसला गेले, लालासाहेब आजोबांकडे. वसाहतीत कासवणे आठवणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय, दादी सोडून. ते गोठ्याशी बसले होते. मी आडवळणानं विचारलं, आजोबा, आमच्या अम्मांचं गावाकडचं घर कसं होतं? त्यांनी काठीनं मातीत काढून दाखवलं. बाहेरची सोप्याची खोली, मग स्वयंपाकघर. मध्ये वीतभर उंच दगडी उंबरा, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. वरची चौकट इतकी ठेंगणी, की गडीमाणसानं वाकल्याशिवाय जाता येत नसे. आत गेलं की डावीकडे चूल, चुलीमागे दाण्याची कणगी, आणि कणगी आणि भिंत यांच्यामध्ये पोरांची लपायची जागा.

माझा चेहरा कसा झाला असेल माहीत नाही. ते काठी बाजूला ठेवून म्हणाले, "जैनूनं, तुझ्या सासूनं, तुला सांगितलं न्हाई व्हय?" आणि मग त्यांनी सांगितलं. दादीला एक धाकटी बहीण होती, चार वर्षांची. पाणी अडवलं त्या पहिल्या पावसाळ्यात गाव हललं तेव्हा दोन ट्रक आले होते. पुढच्या ट्रकमधल्या माणसांना वाटलं, पोरगी मागच्यात आहे. मागच्यांना वाटलं, पुढच्यात. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मुलं मोजली तेव्हा एक कमी भरलं. रस्ता तोवर पाण्याखाली गेला होता. दुसऱ्या दिवशी होडीनं माणसं गेली, तर घरात गळ्याएवढं पाणी. काही सापडलं नाही. पोर मोजायची राहिली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून मोठ्या माणसांनी तापानं गेली असं सांगायचं ठरवलं. आणि त्या पाण्यातलं काही खायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. कबरस्तानाचं कारण नंतरचं. तिचं नाव काय होतं, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

मला बघायला आले होते तेव्हा दादीनं एकच प्रश्न विचारला होता, नाव काय. मी सांगितलं. पुढे शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही, तिथेच होकार दिला. माझ्या माहेरी सगळे म्हणत होते, किती साधी माणसं आहेत.

निघताना लालासाहेब आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ईदनंतर ते दादीला भेटायला कराडला आले होते, तेव्हा नातवानं फोनवर तिला धरणाचा व्हिडिओ दाखवला. यंदा पाणी फार खाली गेलंय, कासवण्याची जोती उघडी पडलीत. त्यात दादीच्या घराचा उंबऱ्याचा दगड दिसतो. तो दादीनं पुन्हा पुन्हा बघितला. त्याच दिवसापासून घास आत जात नव्हता.

काल दुपारी मी तिला सांगितलं. अब्बा दुकानात होते. ती पलंगावर बसून खात होती, मी समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, अम्मा, तो मासा सुरमई नाही. पहिल्या दिवसापासून धरणाचा आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले. ती चावत राहिली. घास गिळून झाल्यावर म्हणाली, "ठाव हाय मला. पयल्याच घासाला कळलं. गावाच्या मातीचा वास इसरतोय व्हय कुनी? तू खोटं बोललीस म्हनून मला खाता आलं. खरं सांगितलं असतंस तर हात मागं घ्यावा लागला असता." मी कालपासून या वाक्याभोवती फिरते आहे. मी चुकले की नाही, हे त्यातून मला अजून कळलेलं नाही. कुणाला विचारावं असं माणूसही नाही.

मग तिनं मला जे सांगितलं ते चौसष्ट वर्षांत तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. तुझ्या दादांना, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही नाही. ती तेव्हा आठ वर्षांची होती. ट्रक उभे होते, आईनं शेवटची चूल विझवायच्या आधी एक चानकी करून मासा घालून दुमडून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, ही शकिलाला दे आणि तिला घेऊन ये, पोर कणगीमागं लपून बसलीय, यायला न्हाई म्हनती. दादी उंबरा ओलांडून आत गेली. तिला भूक लागली होती, सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. धाकटीनं हात पुढं केला होता. तो दिसत होता, दादी म्हणाली, कणगीच्या कडंनं नुसता हात. तिनं चानकी स्वतः खाल्ली. धाकटी चिडली, आणखी आत सरकली, बोलेना. दादी बाहेर आली. आईनं विचारलं, दिलीस का? ती म्हणाली, दिली. कुठाय? तर म्हणाली, पुढच्या ट्रकात बसली चाचीपाशी.

एवढंच. रागावतील म्हणून बोललेलं, एका चानकीबद्दलचं खोटं.

मी विचारलं, अम्मा, तुम्ही रोज सांदीसमोर उभ्या राहता, तिथे काय दिसतं? ती म्हणाली, अजून काय न्हाई. पन तूबी त्यो उंबरा वलांडून आत यायला लागलीस तवापासनं तितं हालचाल हाय. आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, मला न्हे. पाऊस लागायच्या आत न्हे. अब्बांना मी सगळं सांगितलं, मासाही, ट्रकही. ते म्हणाले, गुरुवारी दुकान बंद ठेवतो, व्हॅन काढतो. मला फक्त एवढंच म्हणाले, तू तिला जेवायला घातलंस, विष नाही घातलंस.

आणि आता, हे पत्र का लिहिलं ते. आज सकाळी दादीनं मला विचारलं, पोरीला कळवलंस का? मी म्हणाले, तिला कशाला, परीक्षा आहे तिची. दादी म्हणाली, "तिनंबी खाल्लंय. कुनाच्या वाटनीचं खाल्लं ते तिला ठाव पायजे. मी सांगितलं न्हाई, त्याचं काय झालं बघितलंस न्हवं?" म्हणून सांगते आहे, झोया. तो मासा सुरमई नव्हता, आणि तुझ्या दादीची बहीण तापानं गेली नव्हती. तुझा पाय उचलला जात असेल तर घाबरू नकोस, उचलला जाऊ दे. मान वाकली तर वाकू दे. पण आत गेल्यावर डावीकडे वळू नकोस. तुझ्या खोलीत डावीकडे काय आहे ते मला माहीत नाही, आणि मला कळवूही नकोस. तिथून कुणी हात पुढे केला तर तो तुझ्यासाठी नाही. उद्या दुपारी पाणी उतरलेलं असेल तिथवर आम्ही चालत जाऊ, दादी उंबऱ्याचा दगड ओलांडून एकटी आत जाईल, आणि जे द्यायचं राहिलं आहे ते देईल. व्हॅनमध्ये बसताना ती आम्हाला मोठ्यानं मोजणार आहे, तसं तिनं बजावलंय. मी म्हणाले, जाताना तीन, येताना तीन, बरोबर ना अम्मा? तिनं जाताना तीन म्हटलं. येतानाचं काही म्हणाली नाही. संध्याकाळी फोन करेन, आणि या वेळी तू पहिल्यांदा विचारशील तेच उत्तर देईन.

तुझीच,
अम्मी

उद्या: पहाटे एकच चानकी करायची, मासा घालून दुमडायची, आणि ती वाटेत कुणी खायची नाही.